चिनी वैद्याकडे लोक का जातात?

सिंगापूर, हाँगकाँग आणि तैवान इथली सरकारी रुग्णालयं उत्तम आहेत, लोक शिकलेले आहेत, तपासणीची यंत्रं हाताशी आहेत. तरीही तिथली लाखो माणसं चिनी वैद्यासमोर बसतात, मनगट पुढे करतात, जीभ बाहेर काढून दाखवतात आणि मुळ्या, साली, बिया यांची पुडकी घेऊन घरी जातात. त्यातल्या कित्येकांच्या घरी रुग्णालयातून आणलेल्या रक्तदाबाच्या गोळ्याही असतात आणि त्या ते नेमाने घेतात.

म्हणजे ‘अडाणीपणा’ आणि ‘गरिबी’ ही दोन तयार उत्तरं इथे कामाची नाहीत. ‘परंपरेचा अभिमान’ हे उत्तरही अर्धंच, कारण जर्मनीतल्या कंबर दुखणाऱ्या शिक्षिकेला चिनी परंपरेचा अभिमान असण्याचं कारण नाही, आणि ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे चिनी उपचारातल्या, सुया टोचून घ्यायला तीही जाते.

चिनी औषधाने बरं वाटतं का, हा एक प्रश्न झाला. माणूस ते का निवडतो, हा वेगळा प्रश्न आहे. वादात या दोन्हींची गल्लत होते आणि मग एका बाजूने ‘हजारो वर्षांचं ज्ञान’ आणि दुसऱ्या बाजूने ‘सगळी भोंदूगिरी’ अशा घोषणा सुरू होतात. दुसऱ्या प्रश्नाकडे नीट पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं. आजारी माणसाला काय हवं असतं आणि ते त्याला कुठे मिळत नाही, हे त्यातून कळतं.

वैद्यासमोर बसल्यावर काय होतं

चिनी वैद्य रुग्णाला चार प्रकारे तपासतो: पाहून, ऐकून आणि वास घेऊन, विचारून, आणि हात लावून. पाहण्यात जिभेला मोठा मान आहे. तिचा रंग, तिच्यावरचा थर, कडांना उमटलेल्या दातांच्या खुणा हे सगळं तो बारकाईने बघतो. हात लावण्यात मुख्य नाडी. दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून, आधी हलकी आणि मग दाबून, तो नाडीची चाल ओळखतो. प्रत्येक बोटाखालची जागा शरीरातल्या वेगवेगळ्या अवयवांशी जोडलेली मानतात.

आणि प्रश्न. तहान लागते तेव्हा गार पाणी हवंसं वाटतं की कोमट? घाम दिवसा येतो की झोपेत? झोप लागतच नाही, की लागून मध्यरात्री उघडते? वारा सोसवतो का? तोंडाला कडवट चव असते का? पाळीचा रंग कसा, गाठी पडतात का? चिडचिड जेवणाआधी होते की नंतर? रुग्णालयात ज्या गोष्टी सांगायला गेलं तर ‘ते असू द्या’ असं ऐकायला मिळतं, त्या इथे मुद्दाम विचारल्या जातात.

या प्रश्नांमागे शरीराची एक कल्पना आहे. शरीरात ‘छी’ नावाची प्राणशक्ती ठरलेल्या मार्गांनी फिरते. यिन आणि यांग, म्हणजे थंड, ओलं, स्थिर आणि उष्ण, कोरडं, चंचल अशी दोन अंगं एकमेकांना तोलून धरतात. तोल गेला किंवा प्रवाह अडला की दुखणं येतं. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड ही नावं तिथेही आहेत, पण त्यांची कामं शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसणाऱ्या अवयवांपेक्षा वेगळी आहेत. राग यकृताशी जोडलेला, अति काळजी प्लीहेशी.

त्यामुळे एकच आजार घेऊन आलेल्या दोघांना दोन वेगळी औषधं मिळू शकतात. निद्रानाश घ्या. एक माणूस अंथरुणात तळमळतो, तोंड आलेलं आहे, जिभेचं टोक लालभडक आहे. त्याच्या हृदयात आग वाढली, असं वैद्य म्हणेल. दुसरीला झोप लागते पण मोडते, छातीत धडधडतं, चेहरा फिकट, पायऱ्या चढताना दमायला होतं. तिच्या बाबतीत तो रक्त आणि प्लीहा अशक्त झाल्याचं सांगेल. दोघांचे काढे वेगळे. काढ्यात बऱ्याचदा दहा-बारा वनस्पती असतात आणि त्यांची मांडणी दरबारासारखी केलेली असते. मुख्य औषध राजा, त्याला बळ देणारं मंत्री, त्याचा दोष कमी करणारं सहायक, आणि औषध हव्या त्या जागी नेणारं दूत. पूर्वी हे मातीच्या भांड्यात तास-दीड तास उकळावं लागे. आता अनेक शहरी लोक अर्काची तयार पूड गरम पाण्यात टाकून पितात.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आंबा जास्त झाला की उष्णता होते, सब्जा आणि कोकम थंड, बाळंतिणीला गार वारा लागू द्यायचा नाही, हे आपण शाळेत शिकलेलो नाही. दक्षिण चीनमध्ये लिची आणि तळलेलं खाल्लं की अंगात आग चढते असं मानतात, आणि हाँगकाँगच्या रस्त्यांवरच्या दुकानांत त्यावर कडू, काळपट, थंडाई आणणारा काढा वाटीने विकतात. बाळंतपणानंतर महिनाभर घरात राहायचं, गार पाण्याला हात लावायचा नाही, आलं घातलेलं गरम अन्न खायचं, ही रीत चिनी कुटुंबांत आजही पाळली जाते. डिंकाचे नि अळिवाचे लाडू खाल्लेल्या आपल्या आयांना तिथल्या सासवांचं म्हणणं लगेच पटलं असतं.

निवडीचं पहिलं कारण इथेच आहे. चिनी घरातला माणूस वैद्याकडे ‘वळत’ नाही, तो लहानपणापासून त्यातच असतो. आजीचं सूप, आईचा काढा, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान आणि मग वैद्य, ही एकच वाट आहे. मलेशिया-सिंगापूरमधलं प्रसिद्ध ‘यू यान सांग’ हे १८७९ मध्ये कथिलाच्या खाणीतल्या मजुरांसाठी उघडलेलं असंच एक दुकान. बीजिंगचं ‘थोंग रन थांग’ तर १६६९ पासूनचं. अशा दुकानात शिरताना आपण विज्ञानाच्या विरोधात काही करतो आहोत असं कोणाच्या मनातही येत नाही.

ज्या दुखण्याला नाव मिळत नाही

छातीत कळ आली किंवा हाड मोडलं तर सिंगापूरचा माणूस रुग्णवाहिकाच बोलावतो. चिनी वैद्याकडे तो जातो ते वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या तक्रारी घेऊन. पाठ, मान, गुडघे. पोट नीट साफ न होणं. पाळीचा त्रास. दिवस न राहणं. सतत सर्दी, त्वचेला खाज, कायमचा थकवा.

या तक्रारींमध्ये एक साम्य आहे. तपासण्या करून बघितल्या तर बऱ्याचदा काही सापडत नाही. डॉक्टर कागद उलटतात आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणतात. डॉक्टरांच्या दृष्टीने ती चांगली बातमी असते. पण जी बाई चार वर्षं थकलेली आहे तिला ती बातमी अशी ऐकू येते: तुला काही झालेलं नाही, तू उगाच कुरकुर करतेस. चिनी वैद्य तिची नाडी बघतो आणि म्हणतो, तुमची छी कमी पडते आहे, प्लीहेला अन्न पचवता येत नाही, म्हणून हातपाय जड होतात. एका वाक्यात तिचा थकवा, जेवणानंतरची सुस्ती, पोटाचा फुगारा, हे सगळं एका धाग्यात येतं. आपलं दुखणं खरं आहे असं कोणीतरी मानलं, हाच मोठा दिलासा असतो.

या गुणाची दुसरी बाजूही आहे आणि ती मला गंभीर वाटते. ज्या पद्धतीकडे प्रत्येक तक्रारीसाठी स्पष्टीकरण तयार असतं, तिला ‘मला माहीत नाही’ असं म्हणण्याची वेळ फारशी येत नाही. थकव्यामागे थायरॉइड असू शकतो, रक्तक्षय असू शकतो, आतड्याचा कर्करोगही असू शकतो. नाव मिळालं म्हणून शोध थांबला, तर दिलासाच घातक ठरतो.

वेळ आणि स्पर्श

आता दोन अभ्यासांकडे येऊ. या विषयावर मी जे काही वाचलं आहे त्यात हे दोन मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात.

जर्मनीत आरोग्य विमा कंपन्यांपुढे प्रश्न होता: ॲक्युपंक्चरचे पैसे द्यायचे का? म्हणून मोठ्या चाचण्या घेतल्या गेल्या. त्यातली कंबरदुखीची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याला चिनी शास्त्रानुसार खऱ्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीचे वैद्यकीय उपचार दिले, म्हणजे औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी पाहिलं तर खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना ठरवलेल्या निकषानुसार बरं वाटलं होतं. खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. खऱ्या आणि खोट्या सुयांत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे कंबरेच्या बाबतीत तरी अमुक मार्गावरचा अमुक बिंदू हा हिशेब निर्णायक ठरला नाही, आणि छीच्या मार्गांचं शास्त्र इथे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण दोन्ही सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा खूप सरस ठरल्या. ‘तो नुसता प्लासिबो आहे’, म्हणजे उपचारात दम नाही, केवळ विश्वासाने बरं वाटतं, असं म्हणून हात झटकणाऱ्याने याचंही उत्तर द्यायला हवं, की मग मान्यताप्राप्त उपचार त्या प्लासिबोच्याही मागे का पडले? जर्मनीने व्यवहारी निर्णय घेतला. जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोन दुखण्यांसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च सार्वजनिक विम्यात आणला.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २००८ चा. तो करणारे टेड कॅपचक यांनी तरुणपणी मकाऊला चिनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं होतं आणि पुढे ते हार्वर्डमध्ये प्लासिबोचे अभ्यासक झाले. पोटात मुरडा येणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, अशा चिवट विकाराचे २६२ रुग्ण त्यांच्या गटाने घेतले. एका गटाला फक्त प्रतीक्षा यादीत ठेवलं. दुसऱ्याला खोट्या सुया लावल्या, ज्या त्वचेत शिरतच नाहीत, आणि त्याच्याशी जेमतेम बोलले. तिसऱ्यालाही त्याच खोट्या सुया, पण आधी पाऊण तास निवांत गप्पा: दुखणं कधी सुरू झालं, घरी काय चाललंय, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२.

औषध शून्य. सुई कातडीत गेलीच नाही. फरक पडला तो ऐकून घेण्याने.

यावरून रोग बरे होतात असं समजू नका. गाठ विरघळत नाही, साखर उतरत नाही, जंतू मरत नाहीत. पण वेदना, मळमळ, थकवा, झोप, पोटाची गडबड हे सगळं मेंदूतून जातं, आणि मेंदू शांत झाला की ते खरोखर कमी होतं. लोक नेमक्या याच तक्रारी घेऊन चिनी वैद्याकडे जातात. त्यांची निवड अंधळी नाही. आपल्याला कुठे बरं वाटतं हे त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिलेलं असतं. चीनमधल्या मोठ्या शहरांत नावाजलेल्या वैद्यांकडेही आता इतकी गर्दी असते की दर रुग्णाला काही मिनिटंच मिळतात. तरी त्या मिनिटांतही मनगट हातात घ्यावंच लागतं. संगणकाकडे बघत नाडी पाहता येत नाही.

चिनी नसलेल्या माणसांनीही हे फार पूर्वी अनुभवलं आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जॉन डे नावाचं छोटं गाव आहे. १८८७ मध्ये इंग हे नावाचा चिनी वैद्य तिथे आला आणि पुढची सहा दशकं तिथेच राहिला. चिन्यांविरुद्ध कायदे होण्याचा तो काळ. तरीही आसपासचे गोरे गुराखी आणि त्यांची कुटुंबं नाडी दाखवायला त्याच्याकडे येत. १९५२ मध्ये तो वारला. पुढे त्याच्या पलंगाखाली रुग्णांनी दिलेले, कधी न वटवलेले सुमारे २३,००० डॉलरचे धनादेश सापडले. त्याचं दुकान आता संग्रहालय आहे, औषधांचे डबे जागच्या जागी आहेत.

भरवसा कोणावर ठेवायचा

एकोणिसाव्या शतकातल्या हाँगकाँगमध्ये इंग्रजांचं रुग्णालय होतं, पण चिनी माणसं तिकडे फिरकत नसत. तिथे अवयव कापतात, मेल्यावर प्रेत चिरतात, भाषा कळत नाही, घरच्यांना भेटू देत नाहीत. मरणाच्या दारातली माणसं एका मंदिरवजा जागेत नेऊन ठेवली जात आणि ती जागा इतकी भयाण झाली की सरकारची नाचक्की झाली. त्यातून १८७० मध्ये चिनी व्यापाऱ्यांच्या पैशातून तुंग वा रुग्णालयाची स्थापना झाली, १८७२ मध्ये ते सुरू झालं. वैद्य चिनी, औषध चिनी, उपचार गरिबांना फुकट. सिंगापूरला त्याआधीच, १८६७ मध्ये, थोंग चाय ही संस्था निघाली होती. ती आजही जात-धर्म न विचारता मोफत औषध देते.

मग १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला. इंग्रज सैनिक घरांत घुसून झडती घेऊ लागले, रुग्णांना उचलून बंदरात नांगरलेल्या ‘हायजिया’ या रुग्णालय-जहाजावर नेऊ लागले. लोक खवळले. मरायचंच असेल तर आपल्या माणसांत मरू, आम्हाला तुंग वाच्या वैद्यांकडे द्या, अशी मागणी झाली. दोनच वर्षांत, १८९६ मध्ये, प्लेग मुंबईत पोचला. तो हाँगकाँगहून आलेल्या जहाजांतून आला असं मानलं जातं. मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, आणि १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या झडत्यांनी काय घडवलं हे मराठी माणसाला सांगायला नको. या शहरांतल्या लोकांना जंतूंचं शास्त्र पटलं नव्हतं असं म्हणणं फार वरवरचं होईल. ते शास्त्र बंदूक घेऊन, बूट घालून देवघरात शिरलं होतं.

आणि प्लेगपुढे काढे निष्प्रभ होते, हेही तितकंच खरं. तुंग वाने काही वर्षांत पाश्चात्त्य उपचार सुरू केले. १९१०-११ च्या मांचुरियातल्या न्यूमोनिक, म्हणजे फुप्फुसांच्या, प्लेगमध्ये सुमारे ६०,००० माणसं मेली. त्यात मास्क न लावता रुग्णांची नाडी पाहणारे चिनी वैद्यही मोठ्या संख्येने होते. डॉ. वू लिएन-तेह यांनी मास्क, विलगीकरण आणि प्रेतं जाळणं या मार्गाने ती साथ आटोक्यात आणली. चिनी सुशिक्षितांचा जुन्या वैद्यकावरचा विश्वास उडायला अशा घटना कारण ठरल्या. १९२९ मध्ये सरकारी आरोग्य समितीत चिनी वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव आला. १७ मार्चला देशभरातले वैद्य आणि औषधविक्रेते शांघायला जमले, दुकानं बंद झाली, ठराव बारगळला.

आज आपण ज्याला पारंपरिक चिनी वैद्यक म्हणतो त्याला शिस्तबद्ध रूप आलं ते १९५० नंतर. माओच्या सरकारपुढे कोट्यवधी लोक होते आणि आधुनिक डॉक्टर मूठभर. वैद्य मात्र गावोगाव होते. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि चंगदू इथे चिनी वैद्यकाची महाविद्यालयं निघाली. परस्परविरोधी घराण्यांच्या परंपरा एका अभ्यासक्रमात बसवल्या गेल्या, न बसणाऱ्या गळाल्या. पुढे चिनी वैद्यक राज्यघटनेत आलं, २०१७ पासून त्याचा स्वतंत्र कायदा लागू आहे. एखाद्या देशाच्या सरकारी रुग्णालयात दोन खिडक्या शेजारी शेजारी असतील, दोन्हीकडे विमा चालत असेल, तर माणूस दोन्हीकडे जाणारच. यात गूढ काही नाही, आणि ‘लोकांची निवड’ म्हणून जी आकडेवारी दाखवली जाते तिच्यात राज्यकर्त्यांच्या निवडीचा वाटा किती, हे विचारायला हवं.

नोबेलचं वजन

विश्वासाला बळ देणारी एक खरी गोष्ट वारंवार सांगितली जाते. १९६७ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, चीनने मलेरियावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू केली. २३ मे रोजी सुरू झाली म्हणून तिचं नाव ५२३. त्यात बीजिंगच्या चिनी वैद्यक अकादमीतल्या थू योयो यांच्याकडे जुने ग्रंथ आणि घरगुती उपाय चाळण्याचं काम आलं. एक वनस्पती पुन्हा पुन्हा समोर येत होती, आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातली. पण तिचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गं होंग या वैद्याच्या नोंदीत त्यांना वाचायला मिळालं: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळा असं म्हटलेलंच नव्हतं. उष्णतेने औषधाचा नाश होत असेल, असं त्यांच्या लक्षात आलं. कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून त्यांनी अर्क काढला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले मलेरियाचे परजीवी पूर्ण मारले. पुढे थू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. त्या अर्कातून मिळालेल्या आर्टेमिसिनिन या औषधाने जगभरात असंख्य जीव वाचवले, आणि २०१५ मध्ये थू यांना नोबेल मिळालं.

असंच सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं. हारबिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका गावठी औषधातून सोमल वेगळा काढून रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर वापरला. एकेकाळी काही दिवसांत जीव घेणारा तो कर्करोग आज सोमल आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून केलेलं औषध यांच्या जोडीने दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत बरा होतो.

या यशांतून सामान्य माणूस काय घेतो? ‘बघा, आमच्या ग्रंथात सगळं होतं.’ ग्रंथात नोंद होती हे खरं, आणि ती नसती तर शोध लांबला असता. पण ती नोंद खरी की खोटी हे उंदरांनी, ईथरने आणि मोजलेल्या रुग्णांनी ठरवलं. त्याच ग्रंथांतल्या इतर शेकडो नोंदी तपासणीत टिकल्या नाहीत. आर्टेमिसिनिनमुळे त्या वनस्पतीची परीक्षा झाली. यिन-यांगची झाली नाही.

हाती काहीतरी असावं म्हणून

कर्करोगाचे रुग्ण चिनी औषधाकडे का जातात, हे समजून घेताना मला फार जड वाटतं. केमोथेरपीत माणसाला सगळं ‘केलं’ जातं. सलाइन लागतं, तारीख मिळते, केस जातात. त्याला स्वतःला करण्यासारखं काही उरत नाही. काढा उकळणं हे त्याच्या हातातलं काम असतं, किंवा त्याच्या बायकोच्या, मुलीच्या. प्रेम दाखवायची ती एक रीत आहे. सुयांच्या बाबतीत थोडा आधारही आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने १९९७ मध्येच म्हटलं होतं की शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीवर ॲक्युपंक्चरचा उपयोग दिसतो. मळमळ कमी व्हावी म्हणून सुया घेणारा रुग्ण केमो सोडत नाही. उलट ती पूर्ण करायला त्याला बळ मिळतं. केमो सोडून फक्त काढ्यावर राहणाऱ्याची गोष्ट अगदी वेगळी, आणि तिचा शेवट बहुतेक वाईट होतो.

दुष्परिणामांची भीती हेही मोठं कारण आहे. ‘रसायन नको, झाडपाला बरा.’ इथे मात्र लोकांची साफ फसगत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. एका वनस्पतीच्या जागी जवळजवळ त्याच नावाची दुसरी आली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. कित्येकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण करावं लागलं, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या आम्लाच्या वनस्पती चिनी औषधांत शतकानुशतकं वापरात होत्या. विषबाधा वर्षांनी दिसते, त्यामुळे कोणत्याच वैद्याला आपल्या काढ्याशी तिचा संबंध जोडता आला नाही. तैवानने २००३ मध्ये त्यांवर बंदी घातली. ‘हजारो वर्षं वापरलं, काही झालं नाही’ या युक्तिवादाला याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

बचनागाची मुळी चिनी औषधात सर्रास येते. ती पुरेशी उकळली नाही तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. ज्येष्ठमध अनेक काढ्यांत असतो आणि जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढवतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असताना डानशेन किंवा डांगग्वे या चिनी औषधी मुळ्या घेतल्या तर रक्तस्राव होऊ शकतो.

प्राण्यांचा विषय थोडक्यात सांगतो, पण तो टाळता येणार नाही. गेंड्याचं शिंग आणि वाघाची हाडं यांच्या व्यापारावर चीनने १९९३ मध्ये बंदी घातली. २०२० मध्ये खवले मांजराचे खवले अधिकृत औषधसूचीतून वगळले. कोकणात आढळणारा हा मुका प्राणी ज्या खवल्यांसाठी मारला जातो ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. औषध निवडण्याचा हक्क रुग्णाला आहे, पण त्यासाठी एक जात नामशेष करण्याचा हक्क कोणालाही नाही.

आपल्याकडे चिनी वैद्यकातलं पोचलं ते मुख्यतः ॲक्युपंक्चर, आणि त्याची वाट सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या वैद्यकीय पथकातून जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्या पाच डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसूही होते. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुयांचं शास्त्र शिकले. ते भारतात आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पश्चिम बंगालनंतर महाराष्ट्रानेही ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा केला आहे. जाणार असाल तर समोरच्याची नोंदणी आहे का ते विचारा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलेली, एकदाच वापरायची असावी. छातीवर किंवा खांद्यावर सुया घेतल्यानंतर दम लागला तर थेट रुग्णालय गाठा, कारण फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका दुर्मिळ असला तरी खरा आहे.

सिंगापूर, हाँगकाँग, अमेरिका किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना कोणी शेजारीण प्रेमाने काढ्याची पुडी देईल, तर तिचं नाव आणि त्यातल्या वनस्पती लिहून ठेवा. पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका. आणि डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांना विनंती: ‘आणखी काही घेता का?’ हा प्रश्न आवाज न चढवता विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जिनसेंगसकट प्रत्येक वनस्पती औषधाची यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती निदान दोन आठवडे आधी पडायला हवी. त्यातली बरीच तोवर बंद करावी लागतात.